शरीराचाही हक्क असतो : चंद्रपूर-गडचिरोलीतल्या श्रमाची गोष्ट

माझे दादा बल्लारशाहच्या लाकूड डेपोत हमाल होते. आमच्याकडे आजोबांना दादा म्हणतात. आलापल्लीकडच्या जंगलातून सागवानाचे ओंडके यायचे. ते उतरवायचे, मोजणीसाठी लावायचे, थप्पी रचायची आणि लिलाव झाला की पुन्हा ट्रकवर चढवायचे. जवळजवळ तीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. त्यांच्या उजव्या खांद्यावर तळहाताएवढा घट्टा पडला होता. लहानपणी आम्ही नातवंडं त्यावर बोट दाबून बघायचो, तेव्हा ते म्हणायचे, "दाबा, काही कळत नाही तिथे." चाळिशीपर्यंत मोहल्ल्यात त्यांच्या ताकदीचे किस्से सांगितले जात. पंचावन्न ओलांडेपर्यंत मात्र त्यांना जिना चढता येईना. शेवटची दहा-बारा वर्षं त्यांनी खुर्चीवर बसून नमाज पढली. गुडघ्यांच्या दुखण्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. सजद्यात कपाळ जमिनीला टेकत नाही, एवढंच ते अधूनमधून बोलून दाखवायचे.

मी टेबलाशी बसून काम करतो. मागच्या वर्षी रक्ताची तपासणी झाली, साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, रोज निदान अर्धा तास चाला, घाम येऊ द्या. घरी येऊन मी हे सांगितलं तर दादी हसली. म्हणाली, "तुझ्या दादांना डॉक्टर म्हणाले होते, आता तरी चालणं कमी करा, ओझं उचलू नका."

एकाच घरात दोन पिढ्यांना डॉक्टरांनी दोन उलटे सल्ले दिले आणि दोन्ही बरोबर होते. मग मेहनत शरीराला घडवते की झिजवते? आपण सगळे लहानपणापासून ऐकतो, की पूर्वीचे लोक कष्ट करायचे म्हणून धडधाकट होते, जंगलातले आदिवासी काटक असतात, त्यांना आजार होत नाहीत. हे कितपत खरं आहे? या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला माझ्या जिल्ह्याबाहेर फारसं जावं लागलं नाही. गेल्या पाऊणशे वर्षांत श्रम आणि शरीर यांच्या नात्याचे जेवढे प्रयोग चंद्रपूर-गडचिरोलीच्या या जंगलपट्ट्यात झाले, तेवढे इतरत्र क्वचितच झाले असतील.

इब्न सीनाने घातलेली एक अट

आधी थोडं मागे जाऊ. इब्न सीना (९८० ते १०३७) यांचा 'अल-कानून फित-तिब्ब' हा ग्रंथ कित्येक शतकं जगभर वैद्यकाचं पाठ्यपुस्तक होता. त्यात आरोग्य टिकवण्याच्या भागात रियाझत, म्हणजे व्यायाम, याला मोठी जागा दिली आहे. इब्न सीना व्यायामाची व्याख्या करतात तेव्हा दोन गोष्टी सांगतात. पहिली, ती हालचाल अशी हवी की श्वास खोल आणि भराभर व्हावा. दुसरी, ती स्वेच्छेने केलेली हवी. पुढे ते असंही म्हणतात, की काही व्यायाम माणसाच्या धंद्यातून आपोआप घडतो आणि काही केवळ व्यायाम म्हणून केला जातो. आणि थकव्याबद्दल तर त्यांनी सविस्तर लिहिलं आहे. थकव्याचे प्रकार, त्यावर मालिश, स्नान, विश्रांती. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या हकीमाला नुसता घाम पुरेसा वाटत नव्हता. घाम कोणाच्या मर्जीने निघतो आणि घाम निघाल्यावर काय होतं, याचाही विचार तो करत होता.

त्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी इब्न खल्दून यांनी 'मुकद्दमा'मध्ये (१३७७) एक निरीक्षण नोंदवलं. हकीमांची गरज शहरांना जास्त लागते, वाळवंटातल्या लोकांना कमी. कारण शहरात खाणं भरपूर आणि मिश्र, हवा दूषित आणि हालचाल नाही. वाळवंटात खाणं थोडं, आणि शिकार, स्वारी, कामधंदा यामुळे अंग सतत हलतं. हे वाचताना मला माझी साखर आठवते. पण इब्न खल्दून यांच्या वाळवंटातला माणूस आपल्या उंटाचा मालक आहे. डेपोतल्या मुकादमाच्या शिट्टीवर तो उठत-बसत नाही. हा फरक लक्षात ठेवून आता वरोऱ्याला जाऊ.

वरोरा : आधी खाण, मग आनंदवन

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याने श्रमाची दोन रूपं पाहिली. १८७० च्या दशकात इंग्रज सरकारने इथे कोळशाची खाण चालवली आणि कोळसा नेण्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती खाण बंद पडली, पण बल्लारपूर, राजुरा, माजरीपर्यंत कोळशाचा पट्टा पुढे वाढत गेला. खाणीतला श्रम शरीराचं काय करतो हे जगाला आधीपासून ठाऊक होतं. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर आख्खा ग्रंथ लिहिला, त्याची सुरुवातच खाणकामगारांपासून होते. रामाझ्झिनींचं म्हणणं होतं, रोगी समोर आला की त्याला आणखी एक प्रश्न विचारा : तुझा धंदा कोणता?

याच वरोऱ्यात मुरलीधर देवीदास आमटे नावाचे वकील राहत होते. घर जमीनदाराचं. हिंगणघाटला १९१४ मध्ये जन्मलेला हा माणूस वकिली सोडून अंगमेहनतीकडे वळला. सफाई कामगारांसोबत त्याने स्वतः मैला वाहिला. गांधीजींच्या एकादश व्रतांमध्ये 'शरीरश्रम' हे एक व्रत होतं, त्याचा हा परिणाम. पुढे पावसात भिजत पडलेला एक कुष्ठरोगी पाहून ते घाबरून पळाले आणि त्या भीतीची लाज वाटून पुन्हा परत आले, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. त्याच काळात बाबांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं. १९५१ च्या जूनमध्ये सरकारने दिलेल्या पन्नास एकर खडकाळ जागेवर विनोबांच्या हस्ते आनंदवनाचं उद्घाटन झालं. सोबत पत्नी साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात १४ रुपये, असं सांगितलं जातं.

त्या काळी कुष्ठरोग्याला समाजात एकच काम होतं : भीक. १८९८ च्या लेपर्स ॲक्टने तर रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून कोंडून ठेवण्याची सोय केली होती. बाबांनी या माणसांच्या हातात कुदळ दिली. त्यांनी खडक फोडून विहीर खणली, झाडी साफ केली, झोपड्या उभ्या केल्या, भाजी पिकवली. सुरुवातीला गावचे लोक ती भाजी विकत घेईनात. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक तिथे येऊन राहिले, रुग्णांच्या सोबत राबले, त्यांच्याच हातचं जेवले, तेव्हा वरोऱ्याची भीड हळूहळू चेपली. पुढे हातमाग आले, सुतारकाम आलं, छापखाना आला. १९६४ मध्ये याच लोकांच्या वस्तीत महाविद्यालय उभं राहिलं. ज्यांना शाळेच्या दारात उभं केलं नसतं, त्यांच्या श्रमातून वरोऱ्याच्या मुलांची कॉलेजची सोय झाली.

श्रमाने माणूस बरा होतो याचं उदाहरण म्हणून आनंदवन नेहमी दिलं जातं. ते खरं आहे, पण अर्धं. कुष्ठरोग बरा होतो तो औषधाने. १९४० च्या दशकात सल्फोन गटातली औषधं वापरात आली, त्यात डॅप्सोन होतं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकापेक्षा जास्त औषधं एकत्र देण्याची शिफारस केली आणि रोग खऱ्या अर्थाने आटोक्यात आला. कुदळ मारल्याने जंतू मरत नाहीत. उलट, कुष्ठरोग्याच्या हातात कुदळ देण्यात एक धोका आहे.

तो धोका तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी जगाला समजावून सांगितला. १९४६ मध्ये भारतात आलेल्या या सर्जनच्या लक्षात आलं, की कुष्ठरोग्याची बोटं रोगामुळे आपोआप गळून पडत नाहीत. जंतू हातापायांच्या नसा बधिर करतात, वेदना कळेनाशी होते. मग गरम भांडं, धारदार पातं, टोचणारा खिळा, काही कळत नाही. जखमा होतात, चिघळतात आणि बोटं झडत जातात. म्हणून ब्रँड यांनी रुग्णांना शिकवलं : काम करा, पण हत्यारावरची पकड सैल ठेवा, आणि काम संपलं की रोज हातपाय डोळ्यांनी तपासा. जी खबर वेदना देत नाही, ती डोळ्यांनी मिळवा.

हे वाचलं तेव्हा मला दादांचा खांदा आठवला. "दाबा, काही कळत नाही तिथे." त्यांना कुष्ठरोग नव्हता. पण पोटाच्या ओझ्याखाली राबणारा माणूसही शरीराची ओरड ऐकणं बंद करतो. ऐकून करणार काय? उद्या डेपोत जायचंच असतं.

मग आनंदवनात श्रमाने काय बरं केलं? माणसाची जागा बरी केली. आपण पिकवतो, विकतो, दुसऱ्याला खाऊ घालतो, हे ज्याला कळलं तो भिकारी राहिला नाही. पण ते काम दवाखान्याच्या शेजारी होतं. मलमपट्टी होती, जेवण होतं, ज्याला जेवढं जमेल तेवढं काम होतं, आणि पीक आलं की ते त्यांच्याच वस्तीचं होतं. या चार गोष्टी काढून घेतल्या असत्या, तर तीच कुदळ त्या हातांची वैरीण ठरली असती.

स्वतः बाबांचं शरीरही काही लोखंडाचं नव्हतं. मणक्याच्या विकाराने त्यांना कित्येक वर्षं बसता येत नव्हतं. एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. १९८५ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर 'भारत जोडो' यात्रा त्यांनी केली ती बसमध्ये पडून. ९ फेब्रुवारी २००८ रोजी ते गेले, तेव्हा त्यांना अग्नी दिला नाही. आनंदवनाच्या मातीतच दफन केलं.

चार रुपये आणि बारा रुपये

आता दुसरी गोष्ट. १९७२ चा दुष्काळ आपल्या आधीच्या पिढीला चांगला आठवतो. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, अशी कामं सरकारने काढली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पुढे २००५ मध्ये देशाचा कायदा झाला, त्याचं मूळ इथे आहे.

पण काम दिलं तर मजुरी किती? त्या वेळी शेतमजुराची किमान मजुरी दिवसाला ४ रुपये धरली होती. सरकारी समितीने मजुराच्या गरजांचा हिशोब मांडून हा आकडा काढला होता. वर्ध्याचे तरुण डॉक्टर अभय बंग यांनी १९८०-८१ च्या सुमारास तो हिशोब तपासला. मजुराचं कुटुंब, त्याचा आहार आणि काम करायला लागणारी ऊर्जा यांच्या मांडणीतल्या चुका त्यांनी दाखवल्या. योग्य आकडा १२ रुपयांच्या घरात जातो, असं त्यांनी सिद्ध केलं. चळवळी झाल्या, वाद झाले आणि सरकारला मजुरी वाढवावी लागली.

यातलं वैद्यकशास्त्र समजून घेण्यासारखं आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या त्या काळच्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २४०० कॅलरी लागतात, मध्यम श्रम करणाऱ्याला २८०० आणि जड श्रम करणाऱ्याला ३९००. बायकांसाठी हेच आकडे १९००, २२०० आणि ३०००. म्हणजे टेबलाशी बसणाऱ्या माझ्यात आणि ओंडके उचलणाऱ्या दादांमध्ये रोज १५०० कॅलरींचा फरक. एवढं अन्न कमी पडलं की शरीर ते कुठून आणतं? स्वतःतूनच. आधी चरबी जाते, मग स्नायू जातात. व्यायामशाळेतला पहिलवान घाम गाळून घरी येतो आणि दूध-बदाम खातो, म्हणून त्याचा दंड फुगतो. त्याहून जास्त घाम गाळणारा हमाल भात-वरण खाऊन झोपतो, म्हणून त्याचं शरीर झिजतं. घाम दोघांचा सारखाच खारट.

पैगंबर (स.) यांची शिकवण आपण नेहमी सांगतो, की मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या. ते वेळेबद्दल आहे असं आपण समजतो. ते आरोग्याबद्दलही आहे, हे मला या ४ आणि १२ रुपयांच्या गोष्टीने शिकवलं. घामाने जे गेलं ते शरीरात परत यायला हवं, आणि ते मजुरीतूनच येतं.

काटकपणाचा गैरसमज

१९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. १९८६ मध्ये अभय आणि राणी बंग तिथे आले आणि त्यांनी 'सर्च' ही संस्था उभी केली. त्याआधी, डिसेंबर १९७३ मध्ये, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे भामरागडजवळ हेमलकशाला येऊन माडिया गोंडांमध्ये लोकबिरादरी प्रकल्पाचं काम करू लागले होते.

गडचिरोलीतल्या माणसाएवढं कोण चालत असेल? पहाटे मोहफुलं वेचायची, सरपण आणायचं, लांबून पाणी भरायचं. पावसाळ्यात दिवसभर चिखलात वाकून रोवणी करायची. एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा, तेंदूची पानं तोडायची. एका पुड्यात ७० पानं. शंभर पुडे बांधायचे तर ७००० पानं हाताने खुडायची, मोजायची, बांधायची. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. रोवणीतल्या बाईची १५० मिनिटं पहिल्याच दिवशी दुपारच्या आत पूर्ण होतात. मग ती सगळ्यात निरोगी असायला हवी.

राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा एक तरी त्रास होता. त्याआधी तपासणी झाली होती जेमतेम ८ टक्के बायकांची. दुखणं अंगावर काढत त्या शेतात आणि जंगलात राबत होत्या. बाहेरून बघणारा म्हणत होता, काय काटक बाई आहे!

हाच प्रकार सिकलसेलचा. या पट्ट्यात हा आनुवंशिक रक्तदोष मोठ्या प्रमाणात आहे. ज्याला हा आजार आहे त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. उन्हात पाणी कमी पडलं, अंगाबाहेर श्रम झाले, ताप आला, की हाडं-सांधे असह्य दुखू लागतात. अशा मुलाला गावात कामचुकार म्हटलं जातं. त्याच्यासाठी मेहनत हे औषध नाही. आणि पाठ-कंबरदुखी तर घरोघर. शोधग्रामच्या दवाखान्यात मुंबईचे तज्ज्ञ सर्जन येऊन मणक्याच्या शस्त्रक्रिया करतात, यावरून ओझ्याची किंमत कळावी.

थोडक्यात, काटकपणा म्हणजे आरोग्य नव्हे. गडचिरोलीच्या माणसाचं हृदय, स्नायू, दम हे सगळं श्रमाने कमावलेलं असेल. पण मलेरिया, कुपोषण, अपुरी विश्रांती आणि वेळेवर न मिळालेला दवाखाना यांच्यापुढे ती कमाई टिकत नाही. जे टिकले ते आपल्याला दिसतात. जे गेले ते दिसत नाहीत, म्हणून आपण म्हणतो, पूर्वीचे लोक काय धडधाकट होते!

डॉक्टरचं हृदय

आता गोष्टीची दुसरी बाजू, म्हणजे माझी. १९९० च्या दशकात गडचिरोलीत काम करत असताना खुद्द अभय बंग यांना हृदयविकाराचा झटका आला. वय पंचेचाळिशीच्या आसपास. त्यावर त्यांनी लिहिलेलं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक मराठी घराघरात पोचलं. लोकांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या डॉक्टरने स्वतःच्या शरीराला हालचाल, विश्रांती आणि शांतता दिली नव्हती, हे त्यांनी मोकळेपणाने मांडलं. पुढे चालणं, योग, आहार आणि ध्यान यांनी त्यांनी आयुष्य पुन्हा बसवलं.

यात एक विचार करायला लावणारी गोष्ट आहे. बंग हे सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत शिकलेले. हाताने काम करत शिकायचं, हा त्या शाळेचा पाया. आणि १९३७ मध्ये वर्ध्याला या शिक्षणाची योजना ज्या समितीने तयार केली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जामियाचे कुलगुरू आणि पुढे देशाचे राष्ट्रपती. आपल्या समाजातले किती पालक आज हे सांगतील, की कातकाम, शेती, सुतारकाम यांना शाळेच्या मध्यभागी आणणाऱ्या योजनेवर एका मुस्लिम शिक्षणतज्ज्ञाची सही आहे? आपण तर मुलगा शिकला याची खूण हीच मानतो, की आता त्याला अंगमेहनत करावी लागत नाही.

बसून राहण्याची किंमत लंडनमध्ये मोजली गेली ती १९५३ मध्ये. डॉ. जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. बस तीच, पगाराचा वर्ग जवळपास तोच. पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसाला शेकडो पायऱ्या चढणारा. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाला. त्यानंतर जगभर हेच पुन्हा पुन्हा दिसत गेलं आणि चालणं, पळणं, व्यायाम यांचा सल्ला प्रत्येक डॉक्टर देऊ लागला.

पण अलीकडे आणखी एक गोष्ट पुढे आली. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या एक लाखाहून जास्त लोकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात स्वतःहून व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृदयविकार कमी दिसला. कामावर जड श्रम करणाऱ्यांमध्ये तो जास्त दिसला. संशोधक याला शारीरिक हालचालीचा विरोधाभास म्हणतात. याचं कारण काय असावं, यावर ते सांगतात : व्यायाम थोडा वेळ असतो, त्यानंतर आराम मिळतो. नोकरीतलं ओझं तासन्‌तास चालतं, रक्तदाब चढलेला राहतो, मध्ये थांबायची मुभा नसते, आणि दुसऱ्या दिवशी शरीर भरून येण्याआधी पुन्हा तेच.

मला यात विरोधाभास दिसत नाही. मला इब्न सीनाची अट दिसते : स्वेच्छेने. आणि दादा आणि मी, दोघंही त्यात बसतो.

थांबण्याचा हक्क

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे छोटं गोंड गाव आहे. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा प्रत्यक्षात आणली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. त्याआधी हेच लोक त्याच जंगलात बांबू तोडत होते, पण दुसऱ्याचे मजूर म्हणून. आता कधी तोडायचा, किती तोडायचा, कितीला विकायचा आणि मजुरी काय द्यायची, हे गाव बसून ठरवू लागलं. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचे लिलावही स्वतः केले.

कुऱ्हाड तीच, बांबू तोच, वाकणारी कंबरही तीच. बदललं एवढंच, की "आज पुरे" म्हणायचा अधिकार राबणाऱ्याकडे आला. माझ्या मते आरोग्याच्या दृष्टीने हा बदल दवाखान्याइतकाच मोठा आहे.

विदर्भातल्या तेंदूच्या आणि लाकडाच्या धंद्यात आपल्या समाजातले ठेकेदार, मुनीम आणि हमाल, तिघंही राहिले आहेत. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही. हाताच्या कमाईपेक्षा चांगला घास नाही आणि हजरत दाऊद (अ.) स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, ही हदीस जुम्याच्या बयानात आपण ऐकतो. खंदकाच्या लढाईत, इसवी सन ६२७ मध्ये, पैगंबर (स.) स्वतः खंदक खणत होते, माती वाहत होते, हेही ऐकतो. पण त्याच परंपरेत हेही सांगितलं आहे, की हाताखालच्या माणसावर झेपणार नाही एवढं ओझं टाकू नका, आणि टाकावंच लागलं तर स्वतः हात लावा. रात्रंदिवस इबादत करणाऱ्या सहाबीला पैगंबरांनी (स.) अडवलं आणि सांगितलं, की तुझ्या शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे. इबादतीतही जे शरीराचा हक्क मारू देत नाहीत, ते ठेकेदाराच्या नफ्यासाठी मारू देतील का?

म्हणून माझ्यासारख्या बसणाऱ्यांना माझं सांगणं सरळ आहे. नमाज हा व्यायाम आहे, वेगळं चालायची गरज नाही, असं आपल्यात पुष्कळ जण म्हणतात. नमाज ही इबादत आहे, तिच्यात अंग हलतं हा तिचा वरचा फायदा. त्याने वाढलेली साखर उतरत नाही. चालायला जा. आणि एकटे जाऊ नका. घरातल्या बायकांना सोबत घ्या. मोहल्ल्यातल्या बायका दिवसभर घरकामात उभ्या असतात, त्यांना मोकळ्या हवेत पाऊल टाकायला जागा आणि वेळ आपण देत नाही. ईदगाहचं मैदान वर्षातून दोन दिवस भरतं. उरलेले दिवस सकाळी तासभर ते बायकांच्या चालण्यासाठी ठेवायला काय हरकत आहे?

आणि आपल्या दुकानात, गोदामात, डेपोत जो ओझं उचलतो, त्याच्यासाठीही तेवढंच सरळ. "तू तर काटक आहेस, तुला काय होतंय" हे वाक्य तोंडातून काढू नका. त्याला बसायला जागा द्या, प्यायला पाणी द्या, पोटभर पुरेल अशी मजुरी द्या आणि दुखतंय म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

मी आता रोज सकाळी फज्रनंतर चालतो. कधीकधी पाय डेपोच्या रस्त्याकडे वळतात. आतमध्ये सागवानाच्या थप्प्या रचलेल्या असतात, वासही तोच असतो. दम लागला की मी रस्त्याच्या कडेला एखाद्या दगडावर बसतो, मनात येईल तेवढा वेळ. दादांना तीस वर्षांत त्या आवारात असं बसता आलं असतं, तर शेवटच्या सजद्यापर्यंत त्यांचं कपाळ जमिनीला टेकलं असतं, असं मला वाटत राहतं.